सत्तरी तालुक्यातले भट्टीवाले काका आणि न हललेला आकडा

माझ्या पीएचडीच्या एक्सेल शीटमध्ये एका पार्टिसिपंटच्या नावापुढे (नाव म्हणजे कोड नंबरच) "सुधारणा नाही" असं पडलंय. नियमाने ते बरोबर आहे आणि मी ते बदलणार नाही. पण हाच माणूस बारा आठवड्यांच्या ट्रेनिंगनंतर सायकलवर दुपटीहून जास्त वेळ टिकला, आणि काजूच्या बागायतीत जिथे मध्ये दोनदा टेकायला लागायचं तिथे न बसता वरपर्यंत जायला लागला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते नीट मांडावं म्हणून ही केस. संमती घेतलीय, गाव सांगत नाही, ओळख लागेल असे एक-दोन तपशील बदललेत. मी त्यांना काका म्हणते, ते मला बाय म्हणतात, इथेही तसंच ठेवते.

माझा विषय एक्सरसाइज फिजिऑलॉजी आणि त्यातही सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन हवा अडते तो फुफ्फुसाचा आजार) आणि हार्ट फेल्युअर दोन्ही एकाच अंगात असलेले पेशंट. असे लोक कमी नाहीत हो, वय, विडी, धूर, कारणं दोघांची बरीचशी सारखीच. पण रिसर्चमध्ये ते दोन्ही दारांतून परत पाठवले जातात, हृदयाच्या ट्रायलवाल्यांना फुफ्फुसामुळे अडणारे नको असतात आणि फुफ्फुसवाल्यांना हृदय कमजोर असलेले नको असतात. २००९ ची एचएफ-अ‍ॅक्शन ट्रायल घ्या, २३३१ पेशंट, हार्ट फेल्युअरमध्ये व्यायाम सुरक्षित आहे हे त्यातून बऱ्यापैकी पक्कं झालं, पण समोर बसलेल्या काकांना नेमका किती जोर लावायला सांगू हे त्यातून कळत नाही. माझी पीएचडी साधारण त्या फटीत आहे.

काका ६१ वर्षांचे, वजन ५२ किलो, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. घरची काजूची बागायत आणि सीझनला भट्टी. फेब्रुवारी संपता संपता बोंडं पडायला लागतात ते मेपर्यंत रोज भाणाखाली (रस उकळायच्या भांड्याखाली) लाकडं सारायची, हुर्राक म्हणजे पहिल्या धारेची सौम्य दारू काढायची, मग फेणी. तीसेक वर्षं हे चाललंय. विडी होती, अ‍ॅटॅक आला तेव्हा सुटली. अ‍ॅटॅक चार वर्षांपूर्वीचा, अँजिओप्लास्टी झाली, पण हृदयाचा पंपिंगचा आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ३८ टक्क्यांवर राहिला. गोळ्यांत बिसोप्रोलॉल (हार्ट रेट खाली ठेवते ती), लघवीची गोळी आणि बाकी नेहमीच्या. फुफ्फुसाची तपासणी बऱ्याच उशिरा झाली कारण धाप लागते म्हटलं की सगळे अ‍ॅटॅककडेच बोट दाखवायचे. स्पायरोमेट्री केली तर इनहेलर मारल्यावरसुद्धा पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १.१५ लिटर, अपेक्षेच्या ४६ टक्के, आणि गुणोत्तर ०.५२ (०.७० च्या खाली म्हणजे अडथळा आहे). सीओपीडी म्हटलं की लोकांना फक्त सिगारेट आठवते, पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी लॅन्सेटमध्ये न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहूनही आता बरीच वर्षं झाली, लाकूडफाट्याचा धूर त्यात ठळक आहे. काकांच्या बाबतीत विडी किती आणि भट्टी किती हे वेगळं काढता येणार नाही आणि काढायची गरजही नाही. फेणीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाला याचं कौतुक सगळ्यांना आहे, भट्टीच्या छपराला धुराडं असावं यावर मात्र कोणी बोलत नाही, असो.

आता टेस्ट. पहिली सहा मिनिटांची चाल, सगळे करतात ती. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीची २००२ ची गाइडलाइन, ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना कोन, सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. दर मिनिटाला आपण ठरलेलंच वाक्य बोलायचं, "छान चाललंय, अजून चार मिनिटं", त्याहून एक शब्द जास्त नाही. आणि पेशंटने बोलायचं नाही. काका प्रत्येक वाक्याला "हां बाय" म्हणून वळून उत्तर द्यायचे, त्यांना ते गप्प राहणं उद्धटपणाचं वाटत होतं. चाल दोनदा घ्यायची असते कारण दुसऱ्यांदा माणूस सवयीनेच जास्त चालतो. ३८८ मीटर आणि मग ४०७. मोठा आकडा धरायचा, म्हणून ४०७.

दुसरी टेस्ट सीपीईटी, म्हणजे सायकल, तोंडावर मास्क, छातीवर ईसीजीच्या दहा वायरी, आणि दर मिनिटाला वाढत जाणारा लोड. प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. याचा खरा उपयोग असा की माणूस कशामुळे थांबला हे शोधता येतं, निदान पुस्तकात तरी तसं आहे. हार्ट रेट टोकाला गेला आणि श्वासाची शिल्लक उरली तर हृदय, श्वासाची शिल्लक संपली आणि हार्ट रेट बाकी राहिला तर फुफ्फुस. काका ६० वॉटवर थांबले. ऑक्सिजन वापर १३.१ मिलि प्रति किलो प्रति मिनिट. हार्ट रेट ११२. श्वास मिनिटाला ३७ लिटर, त्यांची अंदाजे कमाल ४६, म्हणजे शिल्लक ९ लिटर, जी कमीच आहे. सॅच्युरेशन ९५ वरून ९०. श्वास आणि कार्बन डायऑक्साइडचा उतार ३७, म्हणजे तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला नॉर्मलपेक्षा बराच जास्त श्वास घ्यावा लागतोय.

आमच्या मीटिंगला एक कार्डिओलॉजिस्ट आणि एक चेस्ट फिजिशियन असतात. पहिले म्हणाले उतार ३७ आहे, ३४ च्या वर म्हणजे हार्ट फेल्युअरचं टिपिकल, हे हृदयच. दुसरे म्हणाले शिल्लक बघा, इन्स्पिरेटरी कपॅसिटी (साधा श्वास सोडल्यावर जास्तीत जास्त किती हवा आत घेता येते ते) बघा, १.९ वरून १.५ लिटरवर आली, हे फुफ्फुसच. गंमत अशी की दोघं बरोबर होते आणि त्याने प्रश्न सुटत नव्हता.

हे इन्स्पिरेटरी कपॅसिटीचं जरा सांगते कारण पुढे सगळं त्यावर आहे. सीओपीडीत हवा आत जायला जेवढी अडचण त्याहून जास्त बाहेर पडायला असते. व्यायाम करताना श्वास भरभर होतो, बाहेर सोडायला वेळ कमी मिळतो, आधीची हवा पूर्ण निघायच्या आत पुढचा श्वास. वाळपईहून पणजीला निघालेली सकाळची कदंब बस, प्रत्येक स्टॉपला चार चढतात आणि एक उतरतो, तसं. थोड्या वेळाने आत घ्यायला जागाच नसते, छाती फुगलेलीच राहते आणि माणसाला वाटतं श्वास मिळत नाही, खरं तर सुटत नाही. आणि ही फुगलेली छाती हृदयालाही दाबते, परत येणारं रक्त कमी होतं, डाव्या व्हेंट्रिकलमध्ये (अंगभर रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा) भरायलाच कमी येतं. २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये बार यांच्या गटाने दाखवलं होतं की एम्फिसीमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांची नासाडी) जितका जास्त तितकं डावं व्हेंट्रिकल कमी भरलेलं, आणि २०१८ च्या क्लेम ट्रायलमध्ये दोन औषधांच्या इनहेलरने छाती कमी फुगली तर ते जास्त भरायला लागलं. म्हणजे फुफ्फुसाचं औषध, फायदा हृदयाला. मग काकांचा प्रत्येक ठोक्यामागचा ऑक्सिजन कमी दिसतो तो पंप कमजोर म्हणून की पंपाला दाब म्हणून? ग्राफवरून सांगता येत नाही. मला आता असं वाटतं की या पेशंटमध्ये "हृदय की फुफ्फुस" हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे, पण मीटिंगमध्ये पहिल्या वर्षाला असलेल्या रिसर्च स्कॉलरने असं बोलायचं नसतं.

शेवटी उत्तर मशीनच्या बाहेरून आलं. टेस्ट थांबली की लगेच बोर्ग स्केलवर दोन आकडे विचारायचे असतात, धाप किती आणि पाय किती, शून्य ते दहा. पायांचा आकडा बरेच जण विचारतच नाहीत. काकांनी धाप ५ दिली आणि पाय ७. मी विचारलं काका, का थांबलात? तर म्हणाले, "बाय, दम होता अजून, पायच नको म्हणाले." ४६ टक्के फुफ्फुस आणि ३८ टक्के हृदय असलेला माणूस पायांमुळे थांबतो. हे नवीन नाही, कॅनडात हॅमिल्टनच्या किलियन आणि जोन्स यांच्या गटाने १९९२ मध्येच लिहून ठेवलंय की सीओपीडीच्या कितीतरी पेशंटना थांबताना धापेपेक्षा पाय जड वाटतात. हार्ट फेल्युअरच्या बाजूनेही तेच, अँड्र्यू कोट्स यांनी १९९४ मध्ये मसल हायपोथेसिस मांडली, की बिघडलेला स्नायूच मेंदूला सिग्नल पाठवून श्वास वाढवतो. म्हणजे पाय आधी दमतात आणि वर धापही तेच लावतात. कमजोर स्नायू लवकर लॅक्टिक अ‍ॅसिड करतो, ते अ‍ॅसिड रक्तात मुरवताना जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो टाकायला जादा श्वास, जादा श्वास म्हणजे छाती आणखी फुगणार. सगळी साखळी खालून सुरू. हृदय नवं मिळणार नाही, फुफ्फुस नवं मिळणार नाही, मांडीचा स्नायू मात्र बदलतो.

तर ट्रेनिंग पायांना धरून लावलं. जिममध्ये किंवा यूट्यूबवर सांगतात ते २२० वजा वय हे इथे सोडून द्या. काकांचं होतं १५९, त्याचे ७० टक्के १११, आणि काकांचा बिसोप्रोलॉलवरचा अगदी टोकाचा हार्ट रेट ११२! "मध्यम" व्यायाम म्हणून आपण त्यांना कमाल जोरावर ठेवलं असतं. म्हणून लोड वॉटमध्ये आणि बोर्गवर ठरवला. सायकलवर ३० सेकंद जोरात ३० सेकंद मोकळं पॅडल, असं आलटून पालटून, या ३० सेकंदांत पायांना पूर्ण लोड मिळतो पण श्वास छपराला टेकायच्या आत आराम येतो. एक दिवस असा आणि एक दिवस एका पायाची सायकल, दुसरा पाय स्टुलावर. ही कल्पना कॅनडातल्या डॉल्मेज आणि गोल्डस्टीन यांची, २००८ ची, आणि मला ती फार आवडते. निम्मा स्नायू वापरला की श्वासाची मागणी कमी पडते, म्हणून त्या एका पायाला त्याच्या वाट्याचा पूर्ण जोर देता येतो, मग दुसरा पाय. काकांना हे सुरुवातीला लंगडं वाटलं. पुढच्या आठवड्यात स्वतःच म्हणाले आज एका पायाचं ना? तिसरा दिवस घरी, खुर्चीतून उठबस आणि पायऱ्या, ओठ चंबू करून श्वास सोडत, आणि काकी वहीत टिक करायच्या. ती वही माझ्या सगळ्या डेटात सगळ्यात व्यवस्थित आहे.

बेसलाइन जुलैत झाली आणि ट्रेनिंग मुद्दाम चवथीनंतर (गणेश चतुर्थी) सुरू केलं. चवथीच्या आधी माटोळीच्या (गणपतीवर टांगायची रानफळांची आरास) सामानाला रानात फिरणं आणि नंतर घरोघर आरत्या, त्या दिवसांत अपॉइंटमेंट देणं म्हणजे ड्रॉपआउट स्वतःहून बोलावणं. संपलं डिसेंबरात, भट्टी पेटायच्या आधी. प्रोटोकॉलमध्ये हे "ऋतुमानानुसार नियोजन" असं भारदस्त लिहिलंय.

डिसेंबरातले आकडे. सहा मिनिटांची चाल ४२४, म्हणजे १७ मीटर वाढ. साधारण ३० मीटरच्या वर वाढ झाली तर ती पेशंटला जाणवेल इतकी धरतात, म्हणून काका नापास. पीक ऑक्सिजन वापर १३.१ चा १३.९, किरकोळच. पण एकाच लोडवर टिकायची टेस्ट असते, पीकच्या ७५ टक्के, काकांसाठी ४५ वॉट, दमेपर्यंत चालवायची. आधी ४ मिनिटं ५ सेकंद, आता ९ मिनिटं ५० सेकंद. तिथे १०० सेकंदांची वाढ मोठी धरतात. आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा नाहीच, तो चौथ्या मिनिटाचा आहे. आधी चौथ्या मिनिटाला श्वास ३४ लिटर होता, आता त्याच मिनिटाला त्याच लोडवर २९. श्वासाची गती ३४ वरून २८. इन्स्पिरेटरी कपॅसिटी पाव लिटर जास्त शिल्लक. स्पायरोमेट्री जशीच्या तशी, एको (हृदयाची सोनोग्राफी) जसाच्या तसा. स्नायू सुधारला, अ‍ॅसिड कमी झालं असावं, श्वास कमी लागला, छाती कमी फुगली. कॅसाबुरी यांच्या गटाने १९९१ मध्ये सीओपीडीत हेच दाखवलं होतं, जोरदार ट्रेनिंगनंतर लॅक्टेटही कमी आणि श्वासही कमी. सुई टोचायची परवानगी आमच्या प्रोटोकॉलमध्ये नाही म्हणून "असावं" म्हणतेय. कॅट प्रश्नावली (सीओपीडीचा रोजचा त्रास मोजते, आकडा कमी तितकं बरं) २२ वरून १५, तिथे २ ची घट पुरते.

मग चाल का हलली नाही? काका मुळात चालणारा माणूस. आयुष्यभर अनवाणी डोंगर चढलेला, सपाट फरशीवर ते फार कमी खर्चात चालतात. ४०७ मीटर इतक्या आजारी माणसासाठी काही वाईट नाही. त्यांची अडचण सपाटीवर नव्हतीच, ती चढावर होती आणि डोक्यावर बोंडांची टोपली घेऊन होती. एसी कॉरिडॉरमध्ये आपण त्यांना जे जमतं तेच मोजत होतो. शिवाय सहा मिनिटांत चालायचा वेग माणूस स्वतः ठरवतो, आणि अ‍ॅटॅक येऊन गेलेला माणूस हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तो जपूनच ठरवतो. सायकलवर वेग आणि लोड आम्ही ठरवतो. टिकण्याची टेस्ट चालीपेक्षा ट्रेनिंगला जास्त प्रतिसाद देते हे सीओपीडीच्या संशोधनात बरंच आधीपासून माहीत आहे, तरी सगळे चालच का धरतात, तर कॉरिडॉर फुकट असतो आणि सीपीईटीचं मशीन नसतं. आम्हीही त्याच कारणाने धरली आणि मला ते कारण चुकीचं वाटत नाही. गोव्यात उद्या एखाद्या प्रायमरी हेल्थ सेंटरमध्ये हे चालवायचं तर तिथे कॉरिडॉरच असणार.

इथे गाइडशी चांगलीच चर्चा झाली. मी म्हटलं सर, टिकण्याचा वेळ प्रायमरी आउटकम (ट्रायलचा निकाल ज्यावरून ठरतो तो आकडा) करू या का? सरांनी चष्मा काढला. नाही म्हणजे नाही. सीटीआरआयला (भारतातली ट्रायलची नोंदवही) ट्रायल रजिस्टर करताना प्रायमरी म्हणून चाल लिहिली, डेटा बघितल्यावर आउटकम बदलणं म्हणजे बाण मारून मग भोवती वर्तुळ काढणं. सेकंडरीमध्ये टिकण्याचा वेळ आधीपासून आहे, तिथे लिहा, आणि काकांची केस वेगळ्या चॅप्टरमध्ये घाला. बरोबर आहे ते. शिवाय एकाच माणसाच्या १७ मीटरवर "रिस्पॉन्डर" किंवा "नॉन-रिस्पॉन्डर" असं लेबल लावणं हेच तकलादू आहे, ट्रेनिंगच्या आधीच दोन चालींत त्यांचा १९ मीटरचा फरक होता की! गटाची सरासरी काढायला ठीक, माणसाबद्दल निकाल द्यायला नाही.

पुढे सीझन आला. मार्चमध्ये वहीतल्या टिका विरळ झाल्या, अपेक्षितच. एप्रिलात काकींचा फोन, उठताना चक्कर येते. भट्टीची धग, अंगाची पाणीपाणी, वर लघवीची गोळी तीच आणि पाणी मोजून प्यायची सूचनाही तीच. प्रेशर ९२/६०. कार्डिओलॉजिस्टनी रक्त तपासून गोळी कमी केली आणि वजन रोज लिहायला सांगितलं, चार दिवसांत फरक. हे व्यायामाच्या ट्रायलमध्ये अ‍ॅडव्हर्स इव्हेंट म्हणून नोंदवलं, व्यायामाशी संबंध नाही असा शेरा मारून, आणि आता उरलेल्या पार्टिसिपंटना मार्चच्या आधीच डॉक्टरांकडे गोळ्यांचा आढावा घ्यायला पाठवतो. धुराबद्दल मी काकांना भट्टी बंद करा म्हटलेलं नाही, सांगून उपयोग नाही, घर त्यावर चालतं. मुलगा लाकडं सारतो, काका बोंडं निवडायला आणि रस गाळायला वाऱ्याच्या बाजूला बसतात, एवढं ठरलंय आणि ते बहुतेक पाळतात.

जूनमध्ये सहा महिन्यांनंतरची टेस्ट झाली. चाल ४०१, बेसलाइनच्याही खाली. टिकण्याचा वेळ ७ मिनिटं २० सेकंद, म्हणजे बराच उरलाय पण घसरलाय, मेंटेनन्स नसला की घसरतोच. काका म्हणाले पाऊस सुरू झालाय, आता मोकळा आहे, सायकल परत कधी? ट्रायलमध्ये दुसरा राउंड नाही. ओपीडीत आठवड्याला एक दिवस बसवायची सोय फिजिओच्या मॅडमनी केलीय, बसचं भाडं काकांचं काका बघतात.

उरलेल्या पार्टिसिपंटसाठी एक पायऱ्यांची टेस्ट जास्तीची लावायला एथिक्स कमिटीकडे अर्ज केला होता, एक्सप्लोरेटरी म्हणून, प्रायमरीला हात न लावता. मंजूर झाला, अट एवढीच की सॅच्युरेशन ८५ ला आलं की थांबवायचं आणि डोक्यावर वजन द्यायचं नाही. टोपलीचा मुद्दा पुढच्या प्रोजेक्टसाठी ठेवलाय.